नाव विचारा, पावती मागा, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका

(शिबिरात संघटनेच्या वतीने झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवावा.)



बाजाराच्या दिवशी नाक्यावर काय होतं ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. जीप थांबवतात, "उतर खाली" म्हणतात, कोयता कशाला घेतला विचारतात. बाईच्या डोक्यावर मोळी असली तर मोळी खाली टाकायला लावतात. मग आपला माणूस काय करतो? हात जोडतो, कनवटीला असेल ते देतो आणि घरी येऊन म्हणतो, "सुटलो बाबा." आज आम्हाला एवढंच बोलायचं आहे, की असं सुटून सुटूनच आपण अडकलो आहोत.

कसं ते बघा. जंगलजमीन आपण बापजाद्यांपासून कसतो. दर पावसाळ्यात गार्ड यायचा. कोणी कोंबडी दिली, कोणी तूप दिलं, कोणी बैल विकून पैसे दिले. मग २७ डिसेंबर १९७८ ला महाराष्ट्र सरकारने ठराव काढला, की १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात जंगलजमीन कसत असलेल्या पात्र लोकांचे प्लॉट कायम करावेत. आपण अर्ज घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "पुरावा? दंडाची पावती आहे का?" ज्याच्यावर केस झाली, ज्याने दंड भरून पावती घेतली, तो दाखवू शकला. ज्याने वर्षानुवर्षं कोंबड्या दिल्या, तो काय दाखवणार? कोंबडीची पावती कोण देतो? पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत भांडावं लागलं, तेव्हा १९९५ साली कोर्टाने सांगितलं, की नुसत्या पावतीवर अडू नका, दुसराही पुरावा बघा.

म्हणजे बिनपावतीचा पैसा दोनदा लुटतो. एकदा खिसा लुटतो, एकदा जमीन.

दुसरी गोष्ट आपल्याच पाड्यावरची आहे. नावं घेत नाही. दोन पोरं लाकूड आणताना अडवली. मारलं नाही, बांधलं नाही. "अंगठा दे आणि जा," म्हणाले. कोरा कागद होता. पोरांनी अंगठे दिले, घरी येऊन जेवली. सहा महिन्यांनी त्याच कागदावर मजकूर निघाला, की आम्ही अतिक्रमण केलं होतं, ते स्वखुशीने सोडत आहोत. लाकडासाठी दिलेला अंगठा जमिनीवर उमटला. ती केस आपण अजून लढतो आहोत.

म्हणून आता रस्त्यात अडवलं तर काय करायचं ते नीट ऐका.

पहिलं, पळू नका आणि हात उगारू नका. पळालात तर चोर ठरवतात, हात लावला तर सरकारी कामात अडथळा म्हणून मोठी केस करतात. आपलं नाव-गाव खरं सांगा. गुन्हा साधा असला तरी नाव लपवलं, की तेवढ्यावरून अटक करायचा अधिकार त्यांना मिळतो.

दुसरं, त्याचं नाव विचारा. "साहेब, आपलं नाव काय? कोणत्या ठाण्याचे? मला कशासाठी थांबवलं?" शिवी न देता, पण मान वर करून. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची आणि हुद्द्याची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, असा सुप्रीम कोर्टाचा १८ डिसेंबर १९९६ चा निकाल आहे.

तिसरं, "चल ठाण्यात" म्हणाले तर विचारा, "मला अटक केली का?" अटक केली असेल तर कारण सांगावंच लागतं. जामिनाचा गुन्हा असेल तर जामीन मिळतो हेही त्यांनीच सांगायचं. अटकेचा कागद जागेवरच करायचा, त्यावर तारीख आणि वेळ लिहायची. घरचा नाहीतर गावातला एक माणूस साक्षीदार म्हणून सही करतो आणि ज्याला धरलं त्याचीही सही घेतात. ही सही वाचून घेऊन, नाहीतर वाचून दाखवायला लावून मगच करायची. कुठे नेलं ते आपल्या एका माणसाला कळवायचं. हे सगळं त्याच निकालात आहे, आणि ते ठाण्यातल्या फळ्यावर लावायचा हुकूम आहे. ठाण्यात गेलात तर फळा बघा. नसेल तर का नाही ते विचारा.

साक्षीदार म्हणून चौकशीला बोलावत असतील तर लेखी हुकूम मागा. तपासात पोलिसाला दिलेल्या जबाबावर सही-अंगठा लागत नाही, कायद्यानेच तो घ्यायचा नाही. गुन्हा कबूल कर म्हणून कोणी जबरदस्ती करू शकत नाही, आणि पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात आरोपीवर पुरावा होत नाही. पण फॉरेस्टवाला म्हणजे पोलीस नव्हे. त्याच्यापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालू शकतो. पोरांचा अंगठा आठवा. तिथे जास्त जपायचं.

चौथं, चोवीस तास. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, असं घटनेत लिहिलं आहे. तिथे गप्प बसू नका. मारलं असेल तर तिथेच सांगा आणि डॉक्टरची तपासणी मागा. कबुलीसाठी मारणाऱ्या पोलिसाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. मॅजिस्ट्रेटला तोंडाने सांगितलं तरी चालतं, "साहेब, मला वकील द्या."

आता बायांसाठी. बाईला आणि पंधरा वर्षांखालच्या मुलाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. विचारायचं असेल तर घरी येऊन विचारायचं. बाईची झडती बाईनेच घ्यायची. तरीही जावंच लागलं तर एकटीने जायचं नाही, आणि बाकीच्यांनी बाहेर थांबायचं नाही. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, तेव्हा तिची माणसं बाहेर उभी होती. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने ते पोलीस सोडून दिले. देशभरच्या बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ ला कायदा बदलला. कायदा बदलला, पण ठाण्याचं दार तेच आहे. आत जाताना दोघी-तिघी जा.

फॉरेस्टचं वेगळं सांगतो. कुऱ्हाड, कोयता, बैलगाडी, काहीही जप्त केलं तर पंचनामा करा म्हणा, पंच आपल्या गावचे घ्या म्हणा, आणि काय काय घेतलं त्याचा कागद मागा. दंड घेऊन केस मिटवायचा अधिकार १९२७ च्या जंगल कायद्यात रेंजरच्या खालच्या माणसाला नाही. गार्ड "दोनशे दे, मिटवतो" म्हणाला, तर तो दंड नाही, लाच आहे. त्याला एकच उत्तर द्या, "पावती फाडा, देतो." बहुतेक वेळा पावती म्हटल्यावर पैसेच नकोसे होतात.

मोर्चाला जाताना गाडी अडवली तर ड्रायव्हरने युनिफॉर्ममधल्या पोलिसाला लायसन्स दाखवावं. कागद ठेवून घेतले तर पोच मागावी. गाडीच्या कागदात चूक असेल ती ड्रायव्हर-मालकाची. म्हणून आत बसलेली चाळीस माणसं गुन्हेगार होत नाहीत.

आता कोणी म्हणेल, "हे शिबिरात ठीक आहे. नाक्यावर कलम सांगितलं तर दोन जास्तच पडतात." खरं आहे. आमच्यातल्या काहींना पडलेही आहेत. कायदा तोंडात असला म्हणून काठी थांबते, असं आम्ही म्हणत नाही. एकट्याचा कायदा काठीपुढे टिकत नाही, पण चार माणसं बाजूला उभी असली आणि त्यातला एक वहीत लिहीत असला, की काठी विचार करते. म्हणून बाजाराला एकटं जायचं नाही. एकाला धरलं तर दोघांनी त्याच्या मागे जायचं, एकाने पाड्यावर पळत यायचं.

प्रत्येक पाड्याने या महिन्यात एक वही करायची. कोणाला, कुठे, किती वाजता, कोणी अडवलं, काय घेतलं, बघणारे कोण, हे लिहायचं. लिहिता येत नसेल त्याने शाळेतल्या पोराला सांगायचं. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच तक्रार टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला धाडायची, कायद्यात तशी सोय आहे. तक्रार नोंदवली तर तिची नक्कल फुकट मिळते. ती पेटीत ठेवायची, सातबारा ठेवतो तशी.

आपल्या आज्याकडे पावती नव्हती म्हणून आपण अजून भांडतो आहोत. आपल्या नातवाला तसं भांडायला लागू नये. जमीन कसणाऱ्याची आहे, आणि रस्ता चालणाऱ्याचा आहे. दोन्ही मान वर करूनच राखायचे.

जिंदाबाद!