मोकळी ट्रॉली



'पेशींवर बोल, पण आम्हाला कळेल असं बोल,' अशी अट संयोजकांनी घातली आहे. तेव्हा आपल्या बिद्री कारखान्यापासूनच सुरुवात करतो. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, वजन होतं, ऊस गव्हाणीत पडून चरकाकडे सरकतो आणि मोकळी ट्रॉली पुढच्या खेपेला फडाकडे निघते.

यकृताच्या पेशीतही असंच चालतं. तिच्या आवरणात एलडीएल रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे आपण ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, हा रिसेप्टर धरतो आणि आत नेतो. आतल्या पिशवीत थोडा आंबटपणा असतो. तिथं त्याची पकड सुटते. माल जातो लायसोसोममध्ये. हा पेशीचा चरक, क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी 1955 साली जगापुढे आणलेला. रिसेप्टर मात्र साधारण 10 मिनिटांत पुन्हा आवरणावर हजर! अशा शंभरावर खेपा तो करतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हे उलगडलं, त्यांना 1985 चं नोबेल मिळालं.

पण जुनी ट्रॉलीही कधीतरी मोडीत काढावी लागते. आवरणातल्या पुष्कळ प्रथिनांना त्यासाठी युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवली जाते. आपल्या रिसेप्टरच्या मागे आणखी एक जण लागलेला असतो: पीसीएसके9 नावाचं प्रथिन. ते चिकटलं, की आंबट पिशवीत पकड सुटायच्या ऐवजी उलट घट्ट होते आणि ट्रॉलीच चरकात जाते. ट्रॉल्या घटल्या की माल रक्तात तुंबतो. 2003 साली फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे प्रथिन जादा जोमानं काम करताना सापडलं. कोलेस्टेरॉल पिढ्यान् पिढ्या चढलेलं. उलट अमेरिकेतल्या ज्या कृष्णवर्णीयांत याच्या जनुकाची एक प्रत जन्मतः बंद होती, त्यांच्यात हृदयविकार 88 टक्क्यांनी कमी आढळला.

आपल्यापैकी निम्मे जण आता स्टॅटिनवर असतील. ती गोळी ट्रॉल्या वाढवते, पण गंमत अशी, की पीसीएसके9 सुद्धा वाढवते. म्हणून त्यालाच अडवणारी इंजेक्शनं 2015 पासून आली. महाग आहेत, सगळ्यांना लागतही नाहीत.

मात्र ज्याच्या घरात कुणाला ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला असेल, त्यानं स्वतःबरोबर मुलांचंही कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. आई किंवा वडिलांत असा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते. कागलला किंवा कोल्हापूरला, कुठंही ही तपासणी होते.