अल्पलवण टोमॅटो-सूप आणि घरची पंगत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा ‘टोमॅटोचे सूप’ असे आम्ही कळविले. त्यांना ती थट्टा वाटली. ज्याने चौतीस वर्षे मुलांना गणित आणि भूगोल शिकविला, त्याने विद्याप्रसार, संघटन असे भारदस्त विषय टाकून शेगडीपुढे का जाऊन बसावे, हा प्रश्न आपल्यापैकीही काहींच्या मनात आला असेल. उत्तर पुढे येईलच.

मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीसाठी आम्ही घरोघर हिंडतो. रक्तदाबाची गोळी जेथे घेतली जात नाही असे घर आता विरळा. परंतु या हिंडण्यात एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. घरातील पुरुषास डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितले की घरभर धावपळ होते. त्याची आमटी निराळी, भाजी निराळी, आणि ‘यांना अळणी लागते’ ही वार्ता पाहुण्यांसही कळते. तेच पथ्य घरातील स्त्रीस सांगितले की निराळे पातेले चढतच नाही. ती सर्वांसाठी नेहमीचा स्वयंपाक करते आणि स्वतः दूधभात खाऊन उठते. असे चार दिवस चालते. पाचव्या दिवशी कंटाळून ती आमटी वाढून घेते, आणि पथ्य तेथेच संपते. याची कोठे नोंद होत नाही, कोणी विचारीतही नाही.

एकाच पंक्तीत एकास एक आणि दुसऱ्यास दुसरे वाढणे यास आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तो मोठा दोष मानतात. निराळे पातेले हाही, हेतू चांगला असला तरी, पंक्तिप्रपंचच होय. म्हणून पथ्याचा पदार्थ असा करावा की जो पथ्यावर नाही त्यानेही तो मागून घ्यावा, असे आमचे मत आहे.

आमच्या घरी हा प्रसंग २०२१ साली आला. पथ्य आमचे नव्हते, सौभाग्यवतींचे होते. सेवानिवृत्त माणसाजवळ वेळ पुष्कळ असतो, तेव्हा रात्रीचे सूप हे काम आम्ही आपल्याकडे घेतले. पहिल्या आठवड्यात नातवाने वाटी पुढे ढकलली. महिना उलटला तेव्हा तो दुसरी वाटी मागू लागला, आणि आजीच्या वाटणीचे उरते की नाही हीच चिंता होऊन बसली. मिठाची जिभेस लागलेली सवय काही आठवड्यांत उतरते असे या विषयातील जाणकार सांगतात. आम्हांस त्याचा प्रत्यय घरच्या घरी आला.

आता थोडे गणित करू. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. हे चहाच्या सपाट चमचाभरही होत नाही. अपाय करणारा घटक सोडियम. मिठाच्या वजनात तो सुमारे ४० टक्के असतो. अर्थात ५ ग्रॅम मिठात २००० मिलिग्रॅम सोडियम. पिकलेल्या १०० ग्रॅम टोमॅटोत मात्र सोडियम अवघे ५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. टोमॅटो बिचारा निर्दोष आहे. पुढे जे वाढते ते आपल्या हाताने किंवा कारखान्यात. वेष्टनातील सुपाच्या पुडीवर १०० ग्रॅममागे किती सोडियम आहे हे छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे. बारीक अक्षरांतील तो आकडा चष्मा लावून वाचावा आणि त्यास अडीचने गुणावे, म्हणजे मीठ किती ते कळेल. नंतर आपण पूड किती ग्रॅम घेतली त्या मानाने त्रैराशिक मांडावे. ज्यांचे त्रैराशिक आम्ही पक्के करून घेतले ते विद्यार्थी आता पन्नाशीस आले आहेत. त्यांनी अवश्य मांडावे.

जाता जाता एक भ्रम सांगतो. सैंधव उपवासास चालते म्हणून ते रक्तदाबासही चालते अशी समजूत अनेक घरांत आढळते. सैंधव काय किंवा पादेलोण काय, दोन्ही मुख्यत्वे तेच मीठ आहे.

चार माणसांच्या सुपास अर्धा किलो टोमॅटो घ्यावेत. लाल, पिकलेले, बोटाने दाबता किंचित मऊ लागणारे. प्रवासात टिकावेत म्हणून अर्धकच्चे तोडलेले टणक टोमॅटो दिसावयास सुंदर, परंतु सुपास रुची देत नाहीत. तसलेच मिळाले तर दोन दिवस टोपलीत राहू द्यावेत. त्यांच्या जोडीस एक मध्यम कांदा, लसणीच्या चार पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, आणि लाल भोपळ्याची एक लहान फोड. भोपळ्याने आंबटपणा निवतो आणि साखर लागत नाही; दाटपणा येतो तो वेगळाच.

पातेल्यात चमचाभर घरचे लोणी घालून कांदा मंद आचेवर परतावा. बाजारचे पिवळे लोणी बहुधा खारे असते, ते नको. कांदा नुसता पांढरा मऊ करून भागत नाही. त्याच्या कडा तांबूस झाल्या पाहिजेत. मीठ कमी करावयाचे तर रुची दुसरीकडून आणावी लागते, आणि ती या तांबूसपणात असते. मग लसूण, आले, पाचसहा मिरे, टोमॅटोच्या व भोपळ्याच्या फोडी आणि वाटीभर पाणी घालून, झाकण ठेवून बारा-पंधरा मिनिटे शिजवावे. निवल्यावर मिक्सरमधून काढून गाळणीवर डावाच्या पाठीने चांगले चोळावे. टोमॅटोच्या बियांभोवती जो बुळबुळीत गर असतो तो कित्येक जण टाकून देतात. वास्तविक ग्लुटामेट नावाचे रुचिद्रव्य बाहेरच्या मांसल भागापेक्षा त्या गरातच अधिक असते. बिया वर राहोत, गर खाली उतरलाच पाहिजे.

यापुढे दूध, आणि बहुतेकांचे सूप बिघडते ते येथेच. टोमॅटो आंबट, आंबटाने दूध फाटते. लिंबू पिळून पनीर करतात तोच हा प्रकार. यावर काही स्वयंपाकी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. सोड्याने आंबटपणा मरतो आणि दूध फाटत नाही हे खरे. परंतु सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि त्याच्या वजनात २७ टक्के सोडियम असते. चहाचा पाव चमचा सोडा पडला की ३०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम पातेल्यात आले! मीठ कमी केल्याचे पुण्य तेथेच संपते.

सोड्यावाचून उपाय असा. एक वाटी, म्हणजे २०० मिलिलिटर, थंड दुधात दोन चमचे तांदळाचे पीठ गुठळी न होऊ देता कालवावे आणि पेजेसारखे दाट होईतो ढवळत शिजवावे. पिठाने बांधलेले दूध सहजी फाटत नाही. ते खाली उतरवून त्यात टोमॅटोचा गाळलेला रस पळीपळीने घालीत जावे व ढवळीत राहावे. दुधात रस घालावा, उकळत्या रसात दूध ओतू नये. नंतर पातेले मंद आचेवर नुसते गरम करावे. उकळी फुटू देऊ नये. ज्यांस दूध सोसत नाही त्यांनी आठ-दहा काजू भिजवून, बारीक वाटून घालावेत. आणि कोकणातील भगिनी म्हणतील की हे सर्व आम्ही नारळाच्या रसात पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, त्यास सार म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे.

शेवटी भाजलेल्या जिऱ्याची पूड, ताजी मिरपूड, कोथिंबीर आणि चहाचा सपाट पाव चमचा मीठ. चार वाट्यांस एवढेच. हे मीठ सुमारे दीड ग्रॅम, सोडियम ६०० मिलिग्रॅम. प्रत्येक वाटीस १५० आले. दूध व टोमॅटो यांचे अंगचे सोडियम धरून वाटीमागे १९० मिलिग्रॅमच्या आत राहते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहूनही थोडे कमी. वर पावाचे तुकडे टाकण्याची रीत आहे, पण पावात मीठ असते. शिळ्या पोळीचे तुकडे तव्यावर कुरकुरीत करावेत. नातवंडे त्यावर तुटून पडतात. सगळ्यास अर्धा तास लागतो.

एक इशारा देणे आवश्यक आहे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून जे मीठ दुकानांत मिळते त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये सर्वसाधारण प्रौढांसाठी अशा मिठास अनुकूलता दाखविली आहे. मूत्रपिंडाचा विकार असणारे, गरोदर स्त्रिया आणि मुले यांस मात्र ती शिफारस लागू नाही. रक्तदाबाच्या काही औषधांनीही शरीरात पोटॅशियम साठते. टोमॅटोतही पोटॅशियम पुष्कळ. तेव्हा ज्यांस मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी हे सूपसुद्धा आपल्या डॉक्टरांस विचारूनच घ्यावे. तसेच उत्साहाच्या भरात मीठ अजिबात बंद करू नये; पथ्य किती, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे.

आता मंडळाकडे वळतो. पंगतीत पानावर मीठ वेगळे वाढण्याची आपली रीत जुनी आहे. पदार्थ बेताच्या मिठाचा करावा आणि ज्यास हवे त्याने पानातले घ्यावे, ही सोय तीत आहेच. सांप्रत मात्र स्वयंपाकी आधीच हात सैल सोडतो, आणि पानातले मीठ नुसते शोभेस उरते. पुढील संमेलनाच्या भोजनात हे सूप ठेवावे आणि पथ्याची निराळी पंगत मांडू नये, अशी आमची भोजन समितीस सूचना आहे. २०० पानांस २५ किलो टोमॅटो, १० लिटर दूध आणि ७५ ग्रॅम मीठ लागेल. मीठ आम्ही घरून तोलून, पुडी बांधून आणू, म्हणजे आचाऱ्याचा हात मध्ये येणार नाही. दूध मात्र पाने मांडल्यावरच घालावयाचे. रस गाळण्यास चार माणसे लागतील. त्यांपैकी एक आम्ही. उरलेले तीन पुरुष असावेत, आणि त्यांनी आपली नावे आजच चिटणीसांकडे द्यावीत.