ग्रंथप्रेमाची कसोटी



ग्रंथवाचन हा फावल्या वेळेचा छंद आणि चळवळ हे कष्टाचे काम, अशी एक समजूत कार्यकर्त्यांत रूढ आहे. ती किती फोल आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वाचनाकडे पाहिले म्हणजे कळते. त्यांच्या ग्रंथसंग्रहाचे कौतुक सर्वच करतात. परंतु त्यांनी ग्रंथ कसे वाचले, याचा विचार फारसा होत नाही.

या वाचनाच्या वाटेत आरंभापासून अडथळे होते. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले गेले नाही. फारसी घ्यावी लागली. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या या विद्यार्थ्याकडे कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींचे लक्ष गेले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. नागपूरची धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. एका पुस्तकाने धर्मांतर घडविले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मधल्या एकोणपन्नास वर्षांत महाडचे तळे होते, काळाराम मंदिराचे बंद दार होते, येवल्याची घोषणा होती. वाचलेले आणि भोगलेले एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम इतकी वर्षे चालले होते.

हीच रीत त्यांच्या इतर वाचनातही दिसते. बर्ट्रांड रसेल यांच्या समाजाच्या पुनर्रचनेवरील ग्रंथाचे त्यांनी १९१८ साली परीक्षण केले. ग्रंथ जन्मला होता महायुद्धाच्या छायेतील इंग्लंडात. रसेल यांचा युद्धविरोध हिंदुस्थानात निष्क्रियतेचे समर्थन म्हणून वाचला जाईल, हा धोका बाबासाहेबांनी ओळखला आणि हिंसा व क्रियाशीलता यांतील भेद स्पष्ट केला. ग्रंथकाराचा मान राखूनही ग्रंथ आपल्या समाजाच्या संदर्भात तपासावा लागतो, हे त्यांनी या परीक्षणातून दाखवून दिले.

समाजवाद्यांच्या दृष्टीने तर १९३६ सालचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण विशेष महत्त्वाचे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाला त्यातील विचार पेलले नाहीत; अधिवेशन झाले नाही आणि न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापले. त्यात त्यांनी आपले गुरू जॉन ड्यूई यांचे ऋण मान्य केले आणि जर्मन समाजवादी लासालचा आधार घेतला. मात्र हिंदी समाजवाद्यांना त्यांनी स्पष्ट बजावले की, क्रांतीपूर्वी जातीचा विचार केला नाही, तर तो क्रांतीनंतर करावाच लागेल. युरोपातील ग्रंथ समाजवाद्यांनीही वाचले होते. पण कारखान्यातील मजूर पाहताना, त्याच्या शेजारी जेवायला न बसणारा दुसरा मजूर त्यांतील अनेकांच्या दृष्टीआड राहिला. ही उणीव वाचनाची नव्हती. वाचलेले भोवतालच्या जीवनाला भिडविण्याची होती.

आज पुस्तके त्या काळापेक्षा सुलभ झाली आहेत. तरीही मोबाइलवर आलेले चार ओळींचे अवतरण म्हणजे विचार, असे मानण्याकडे कल वाढतो आहे. मूळ पान न उघडता भाषणे होतात, आणि पान न उघडताच पुस्तकांवर बंदीच्या मागण्याही होतात. दुसरीकडे ६ डिसेंबरला दादरला येणारी, हातावर पोट असलेली माणसे शिवाजी पार्कवरील दुकानांतून पुस्तके विकत घेऊन गावी परततात. वाचनाची भूक कोठे आहे, हे यावरून समजावे.

ती भूक रोजची व्हावी, ही जबाबदारी संघटनेची आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गावचे वाचनालय उघडे राहते का, तेथे वस्तीतील मुलगी निःसंकोच जाऊन बसू शकते का, हा प्रश्न रेशन आणि रोजगार हमीच्या प्रश्नांइतकाच शाखेच्या बैठकीत यायला हवा. आठवड्यातून एक संध्याकाळ एका पुस्तकाला द्यावी. त्यातील एक प्रकरण वाचावे आणि ते आपल्या तालुक्यातील मजुरीला, पाण्याला, जातीला लागू पडते का, यावर मोकळेपणाने वाद घालावा. लागू पडत नसेल, तर का नाही, हेही शोधावे. त्या बैठकीत निरक्षर मजूरही असावा. पुस्तकात नसलेली माहिती बहुधा त्याच्याचजवळ असते.