हातातली पाने आणि मनातला राग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पत्त्यांचे सामने आताच संपले आणि बक्षिसे अजून वाटायची आहेत. मधल्या वेळात मी चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. विषयही त्यांनीच दिला : खिलाडूवृत्ती. बक्षिसांच्या आधीच हा विषय का, हे तुमच्या लक्षात आलेच असेल!

पत्ते आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाहीत. सिंदीच्या उन्हाळ्यात दुपारी दारे लावून घेतली, की भावंडांत बदाम सात, झब्बू, गुलामचोर सुरू व्हायचे. तेव्हाही भांडणे होत. पण संध्याकाळी पाणी शिंपडून अंगणात खाटा टाकेपर्यंत ती विसरली जात. मोठेपणी मात्र तसे होत नाही. आपण पैसे लावून खेळत नाही, हे खरे. पण पैसा नसला तरी मान पणाला लागतो, आणि मान गेला की तो मोजून परत देता येत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच मंडळात मेंढीकोटाचा शेवटचा डाव चालला होता. आमच्या जोडीकडे दोन दश्श्या आल्या होत्या, समोरच्यांकडे एक. उरली होती बदामाची. ती मिळाली, की डाव आमचा. ती त्यांना गेली, तर दोन-दोन होऊन हात मोजायचे, आणि हात त्यांचे जास्त होते. मी बदामाचा राजा टाकला. पुढच्या बाईंनी लहान पान टाकले. माझ्या भिडूने राजावर विश्वासून दश्शी टाकली, आणि चौथ्या बाईंनी हसत एक्का काढला!

मग मी जे बोलले, ते आज येथे उच्चारण्यासारखे नाही. ‘एक्का बाहेर आहे एवढेही कळत नाही का?’ हे त्यातले सर्वांत सौम्य. माझी भिडू काही बोलली नाही. पाने गोळा केली, पदर सावरला आणि घरी गेली. पुढे हळदीकुंकवाला नाही, भजनाला नाही, सहलीला नाही. वर्षभर ती मंडळात आली नाही. कोणी विचारले, तर घरी काम आहे म्हणायची.

मला कितीतरी दिवसांनी उमगले, की चूक तिची नव्हती. एक्का बाहेर असताना राजा कोणी टाकला? मी! तो पाहून तिने विश्वास ठेवला. भिडूवर विश्वास ठेवणे हाच तर जोडीच्या खेळाचा पाया. पण रागाच्या भरात माझाच राजा मला आठवला नाही.

सेवाग्रामचा आश्रम आपल्याच जिल्ह्यातला. गांधीजींच्या सायंप्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हटली जात. क्रोधातून मोह होतो आणि मोहाने आठवण नाहीशी होते, असे तेथे सांगितले आहे. ते मोठ्या साधकांसाठी असेल, असे मला वाटे. पण पत्त्यांच्या सतरंजीवर ते अक्षरशः खरे ठरते. राग आला, की कोणते हुकूम पडले, कोणती दश्शी गेली, सारे विसरते. रागावलेला माणूस पुढचा डावही हरतो, तो याचमुळे.

आणखी एक गंमत पहा. पत्त्यांतला राग प्रतिस्पर्ध्यावर क्वचितच निघतो. तो निघतो आपल्याच भिडूवर. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे १९२९ साली एक जोडपे शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होते. नवऱ्याने बोललेले हात त्याला करता आले नाहीत. बायको टाकून बोलली, त्याने तिला मारले, आणि तिने पिस्तूल आणून त्याला ठार केले! पुढे १९३१ मध्ये ती निर्दोष सुटली. आपल्याकडे पिस्तुले नाहीत हे नशीब. पण शब्द आहेत.

ब्रिज खेळणाऱ्यांनी यावर पुष्कळ विचार केलेला दिसतो. त्यांच्या जागतिक नियमपुस्तकात ७४ वे कलम केवळ वागणुकीचे आहे. खेळाडूने सदैव सौजन्याने वागावे, दुसऱ्याला त्रास होईल किंवा ओशाळवाणे वाटेल असे बोलू नये, असा त्याचा आशय. न पाळणाऱ्याचे गुण कापण्याचा अधिकार पंचाला असतो. म्हणजे सौजन्य हा तेथे ऐच्छिक विषय नाही. शिवाय मोठ्या सामन्यांत तीच वाटलेली पाने सर्व टेबलांवर फिरवतात. त्यामुळे ‘पानेच वाईट आली’ असे म्हणायला जागा उरत नाही. तीच पाने घेऊन दुसऱ्यांनी काय केले, ते पाहायचे. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक भारताच्या प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी मिळवले. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते, सरकार ५६ चे. या वयात असा विजय एकमेकांवर खेकसून मिळत नाही.

आपल्या सामन्यांसाठी मी काही गोष्टी सुचवते. पहिली, खेळ सुरू होण्याआधी नियम मोठ्याने वाचून दाखवावेत. प्रत्येक घरचा मेंढीकोट निराळा असतो आणि निम्मी भांडणे तेथूनच उपजतात. दुसरी, पंचबाईंनी स्वतः खेळू नये. तिसरी, शंका आली की पाने पालथी ठेवून पंचांना बोलवावे, आपसांत निवाडा करू नये. जिंकलेले हात क्रमाने ठेवले, म्हणजे रंग असूनही कोणी दुसरे पान टाकले का, ते उलगडून पाहता येते. चौथी, भिडूच्या खेळाबद्दल डाव संपेपर्यंत अवाक्षर काढू नये.

आणि एवढे करूनही एखादी भडकलीच, तर? पंचबाईंनी तिला चारचौघींत दटावू नये. रागावलेल्या माणसाला लाजवले, की राग दुप्पट होतो. पाणी द्यावे, दोन मिनिटे ओट्यावर न्यावे, तिचे म्हणणे पुरते ऐकावे. निकाल मात्र बदलू नये. तिचा आवाज मोठा म्हणून निकाल फिरला, तर गप्प बसणारीवर अन्याय होतो. दुसऱ्यांदा तसेच झाले तर गुण कापावेत, तिसऱ्यांदा खेळातून उठवावे. मग ती अध्यक्षांची जाऊ असो की माझी नणंद.

जिंकणारीलाही एक विनंती आहे. एक्का जरूर काढावा, पण हसू थोडे आवरावे.

आपल्या गावच्या तान्ह्या पोळ्यात एखाद्या लेकराच्या लाकडी बैलाला बक्षीस मिळत नाही आणि ते रडू लागते. आपण डोळे पुसून सांगतो, ‘अरे, पुढच्या वर्षी पुन्हा सजवू.’ ते लेकरू आपल्याला पत्ते खेळतानाही पाहत असते, हे विसरू नका.

शेवटी त्या भिडूविषयी. मी तिच्या घरी गेले होते. तिने चहा केला आणि म्हणाली, ‘‘पत्त्यांचे काही नाही हो बाई. पण चार बायांसमोर ऐकून घेतले, ते मनातून जात नाही.’’ मी घरात क्षमा मागितली, तिने दिलीही. पण परतताना वाटेत मला जाणवले, की अपमान चार बायांसमोर केला आणि क्षमा मात्र स्वयंपाकघरात मागितली. हा काही बरोबरीचा हिशेब झाला नाही.

त्या आज येथे बसल्या आहेत. नाव घेत नाही. त्यांना संकोच होईल. पण तुम्हा सर्वांसमोर सांगते : राजा मी टाकला होता. चूक माझी होती. मला क्षमा करा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा माझ्या भिडू व्हा.