आधी ओल शोधा

सीवूड्सला खाडीचा शेजार. पावसाळ्यात बंद गाडीचं दार उघडलं की कुबट वास येतो. त्यावर अत्तर शिंपडू नये, ओल शोधावी. मॅट उचलून खालचं कार्पेट दाबून पाहा. ओलं लागलं तर दारांची रबरं आणि पुढच्या काचेखालची, पानांनी तुंबलेली जाळी तपासा. एसी चालूनही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर त्याची नळी तुंबली असावी. गळती थांबवा, मगच कार्पेट वाळवा.

हीच ओल आणि आपला श्वास गार काचेवर दव होऊन बसतात. रात्री पाम बीच रोडवर काच धुरकटली तर बाहेरची हवा आत घ्या, एसी लावा, झोत काचेवर सोडा. रस्ता ओलांडणारा माणूस वेळेवर दिसायला हवा.