‘प्रोरोग’ : एका क्रियापदाचा प्रवास

‘प्रोरोग’ हे इंग्रजी क्रियापद नित्याच्या बोलण्यात क्वचितच येते. सभागृह विसर्जित न करता त्याचे सत्र समाप्त करणे, हा त्याचा आजचा अर्थ. भारतीय संविधानाच्या ८५व्या अनुच्छेदाने हा अधिकार राष्ट्रपतींना, तर १७४व्या अनुच्छेदाने राज्यपालांना दिला आहे. भारतीय कानाला त्यात ‘रोग’ ऐकू येतो खरा. पण त्याचे कूळ वेगळे आहे.

लॅटिनमध्ये ‘रोगारे’ म्हणजे विचारणे आणि ‘प्रो’ म्हणजे पुढे. रोमन प्रजासत्ताकात कायद्याचा प्रस्ताव प्रश्नाच्या रूपानेच जनसभेपुढे येई आणि संमती देणारा नागरिक ‘तू विचारतोस तसे होवो’ असे उत्तर देई. इ. स. पू. ३२७ साली कॉन्सल पब्लिलियस फिलो नेआपोलिस, म्हणजे आजच्या नेपल्स, या नगराच्या मोहिमेवर होता. नगर हाती येण्याच्या बेतात असतानाच त्याची वर्षाची मुदत सरत आली. तेव्हा युद्ध संपेपर्यंत त्याने कॉन्सलच्या जागी राहून सेनापतित्व करावे काय, असे लोकांना विचारण्यात आले. इतिहासकार लिव्हीने ही हकीकत नोंदविली आहे. विचारून मुदत पुढे नेणे, हा ‘प्रोरोगारे’चा मूळ अर्थ. पुढे सिनेटच परस्पर अशी मुदतवाढ देऊ लागले. विचारणे गळाले, शब्द मात्र तोच राहिला!

फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावर ‘लांबविणे’वरून तो ‘पुढे ढकलणे’ या अर्थाकडे सरकला. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’मध्ये तो याच अर्थाने येतो. संसदेची पुढील बैठक लांबणीवर टाकणे म्हणजे चालू सत्र संपविणे. अशा रीतीने मुदत वाढविणारा शब्द मुदत संपविणारा झाला. ब्रिटनमध्ये हा राजसत्तेचा ‘प्रिरॉगेटिव्ह’, म्हणजे विशेषाधिकार. गंमत अशी की, हाही शब्द ‘रोगारे’चाच वंशज : रोममध्ये ज्या मतदारगटाला सर्वांआधी विचारले जाई, त्याचे ते नाव होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसद सुमारे पाच आठवड्यांसाठी ‘प्रोरोग’ करण्याचा आदेश दिला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची तारीख तेव्हा तोंडावर आली होती. २४ सप्टेंबर रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने हा सल्ला बेकायदा ठरविला. सबळ कारणाशिवाय संसदेला तिचे काम करण्यापासून रोखता येत नाही. म्हणून तो आदेश म्हणजे कोरा कागदच होय, आणि संसद ‘प्रोरोग’ झालेलीच नाही, असा निर्णय झाला. दुसऱ्याच दिवशी खासदार सभागृहात परतले आणि सरकारला प्रश्न विचारू लागले.