भांडवलाची भूक आणि मालकाचे मन
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

सात पिढ्यांना पुरेल इतकी संपत्ती जमल्यावरही कारखानदार थांबत का नाही? एका गिरणीच्या दोन आणि दोनांच्या चार करण्याची ही ओढ येते कोठून? गिरणगावच्या चाळींतून हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आणि त्याचे उत्तर बहुधा एकाच शब्दात दिले गेले : हाव. हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. आणि अपुऱ्या उत्तरातून चुकीचे डावपेच जन्माला येतात.

बूर्झ्वा विचारवंतांनीही या मनोवृत्तीचा शोध घेतला. मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये तिचे मूळ प्रॉटेस्टंट पंथाच्या काटकसरी, कर्मनिष्ठ आचारात पाहिले. शुम्पेटरने स्वतःचे राज्य उभारण्याचे स्वप्न, स्पर्धकाला नमवण्याची ईर्षा आणि निर्मितीचा आनंद अशा प्रेरणा सांगितल्या. ही निरीक्षणे खोटी नाहीत. कारखानदाराला स्वप्ने पडतात, त्याला ईर्षा असते, कारखान्याचा त्याला अभिमानही वाटतो. परंतु महत्त्वाकांक्षा सरंजामदारालाही होती. त्याने ती वाडे, देवळे, मेजवान्या आणि लढाया यांत खर्च केली. कारखानदाराची महत्त्वाकांक्षा मात्र पुन्हा यंत्रांकडे आणि कच्च्या मालाकडे का वळते? याचे उत्तर मनाच्या तळाशी सापडत नाही. ते बाजारात सापडते.

मार्क्सने १८६७ मध्ये ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात हेच दाखवून दिले. कंजुषाची धनतृष्णा हे त्याचे वैयक्तिक वेड असते. भांडवलदाराची धनतृष्णा हा समाजयंत्राचा परिणाम असतो. शेजारच्या गिरणीत वेगवान माग आले की जुन्या मागांवरचे कापड महाग पडते. जो वाढत नाही तो मागे पडतो, आणि मागे पडलेल्याला मोठा मासा गिळतो. म्हणून मालकाच्या मनातील हावेइतकीच त्याच्या मनातील भीतीही खरी आहे. कामगाराच्या श्रमातून निघालेले वरकड मूल्य तो पुन्हा भांडवलात ओततो आणि या सक्तीलाच कर्तृत्व असे नाव देतो.

मालक स्वभावाने सज्जन असला तर काय होते? स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत रॉबर्ट ओवेनने कामाचे तास कमी केले, दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे थांबवले, शाळा उघडली. गिरणी नफ्यात होती. तरीही हा खर्च भागीदारांना सलू लागला. अखेर १८१३ मध्ये, पाच टक्के परताव्यावर समाधान मानणारे नवे भागीदार त्याला शोधावे लागले. ओवेनचे मन मोठे होते. पण भांडवलाचा हिशेब मनाच्या मोठेपणावर चालत नव्हता.

मुंबईच्या गिरणधंद्याचा इतिहास याहून बोलका आहे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीची कंपनी स्थापली, आणि पुढे गिरण्यांनी हे शहर घडवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा कापडाचे बरेचसे उत्पादन भिवंडीसारख्या केंद्रांतील यंत्रमागांकडे वळले. तेथे एक विलक्षण गोष्ट दिसते. मालकाचे माग वाढतात, पण कागदावरचा कारखाना वाढत नाही. एकाच छपराखालचे माग पत्नी, भाऊ, मेहुणा यांच्या नावांवर वाटले जातात. कारण १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार झाले की तो कायदा लागू होई. २०२० च्या संहितेने ही मर्यादा वीसवर नेली. म्हणजे लहान दिसण्याची सोय अधिकच ऐसपैस झाली.

गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी या जमिनी मोकळ्या जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक यांच्यात ढोबळमानाने तीन वाटे करून वाटण्याचे ठरवले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. जेथे साचे फिरत होते तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले. गिरणी वाढवण्याचे स्वप्न सांगणाऱ्यांच्या वारसांना गिरणी पाडताना दुःख झालेही असेल. पण जमिनीचा भाव कापडाच्या नफ्याहून मोठा ठरला. वाढ हवी होती ती कापडाची नव्हे, कारखान्याचीही नव्हे, भांडवलाची.

कॉम्रेड्स, यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. मालक दुष्ट आहे म्हणून लढा, आणि सुष्ट आहे म्हणून विसावा, हे धोरण कामगारवर्गाला नडते. ‘कंपनी वाढली की तुमचेही भले होईल’ हे आश्वासन देणारा कित्येकदा प्रामाणिकही असतो. म्हणूनच ते अधिक फसवे ठरते. वाढ कोठे व्हावी, कशाची व्हावी आणि तिचे फळ कोणाच्या पदरी पडावे, हे प्रश्न मालकाच्या मनावर सोडता येणार नाहीत. मागांच्या विखुरलेल्या खोल्यांत काम करणारा, हजेरीपटावर नाव नसलेला कामगार संघटित झाला, तरच हे प्रश्न विचारण्याचे बळ उभे राहील. मालकाचे मन ओळखणे उपयोगाचे आहे. पण ते मन घडवणारी व्यवस्था बदलणे हेच कामगारवर्गाचे ऐतिहासिक कार्य आहे.